बराबरी मॅडम

आमच्या ऑफिसच्या पायरीवर एक पिवळं कुत्रं झोपायचं. मॅडम त्यालासुद्धा "चलिए, ज़रा हटिए" म्हणायच्या आणि ते उठेपर्यंत थांबायच्या. मागे बाबू फायली घेऊन उभे, एखादा डॉक्टर घड्याळ बघतोय, पण कुत्र्याने आपणहून जागा दिल्याशिवाय मॅडम पायरी चढायच्या नाहीत.

सई, तू परवा फोनवर म्हणालीस की तुमच्या विद्यापीठात आरोग्य कर्मचाऱ्यांमधल्या समानतेवर एक अख्खा विषय आहे. आणि विचारलंस की आजी, तूही आरोग्य खात्यातच होतीस ना, तुमच्याकडे असं काही होतं का. फोनवर मी नुसतं "होतं" म्हटलं, कारण तुझा क्लास सुरू होणार होता. खरं तर आमच्याकडे एक बाई होत्या. त्यांच्याबद्दल लिहिते. ईशाननेही वाचावं, त्याचा विषय नसला तरी. मी एरवी सगळं क्रमाने सांगणारी आहे, तुमची आई त्यावरून मला चिडवते. पण या बाई मला क्रमाने आठवत नाहीत. आठवतात त्या कुठेतरी उभ्या असलेल्या, आणि बहुतेक वेळा कुणाच्या तरी वाटेत.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडायचं नाही. शिवाय खात्यात त्यांना नावाने फारसं कुणी ओळखत नव्हतं. पाठीमागे सगळे त्यांना बराबरी मॅडम म्हणत. घराणं आमच्यासारखंच, शिंदेशाहीतल्या कारकुनांचं. पणजोबा दरबारात लिहायचे, आजोबा शाळेत शिकवायचे, आणि या डॉक्टर झाल्या. दवाखाना मात्र कधी थाटला नाही. लग्नही केलं नाही. आमच्या उज्जैनच्या संभागीय, म्हणजे विभागीय, आरोग्य कार्यालयात त्यांच्याकडे काम होतं ते नर्सांचं: गावोगावच्या उपकेंद्रांवर एकटीने राहून बाळंतपणं आणि लसीकरण सांभाळणाऱ्या नर्सांपैकी कोण कुठे जाणार, किती वर्षं राहणार, कधी परत येणार. मी स्थापना शाखेची प्रमुख. बदल्यांचे आणि रजांचे सगळे आदेश माझ्या टेबलावरून जायचे. त्यामुळे खात्यात त्यांच्याशी सर्वांत जास्त बोलणं माझं व्हायचं. मैत्री म्हणता येणार नाही. मैत्रीत थोडी सूट द्यावी लागते, आणि त्या कुणालाच सूट देत नसत.

ऑफिसात कुणाला 'आप' म्हणायचं आणि कुणाला 'तू' हे पगारावर ठरायचं. झाडूवाल्या गेंदाबाईला शिपाईसुद्धा 'तू' म्हणायचा. मॅडम तिला "गेंदाबाई जी, आप" म्हणत. इथपर्यंत लोकांनी चालवून घेतलं, विक्षिप्त बाई आहे म्हणून. पण मॅडम संचालकांनाही 'सर' म्हणत नसत. त्यांच्याही नावापुढे नुसतं 'जी'. संचालकांना गेंदाबाईच्या रांगेत बसवल्यासारखं वाटायचं, आणि ते त्यांनी कधी माफ केलं नाही. एकदा मला आत बोलावून म्हणाले, मॅडमना समजवा, हे भोपाळपर्यंत जातं. मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग गेंदाबाईंना पण सर म्हणते. चालेल का त्यांना, विचारून या." मी विचारायला गेले नाही.

दर महिन्याच्या मीटिंगला डॉक्टर खुर्च्यांवर बसायचे आणि नर्स मागे सतरंजीवर. खुर्च्या कमी होत्या म्हणून नव्हे. हॉलच्या मागच्या खोलीत गंजत पडलेल्या खुर्च्यांचा ढीग होता. मॅडमनी पहिल्याच मीटिंगला सांगितलं की सगळ्यांना खुर्ची मिळेपर्यंत मी बसणार नाही, आणि त्या उभ्या राहिल्या. त्या काळात मीटिंगा लांबायच्या. त्यांचे पाय सुजायचे. डॉक्टर मुद्दाम जास्त बोलायचे. आपापसात पैजा लावायचे की आज बसणार, आज बसणार. त्या बसल्या नाहीत. शेवटी कलेक्टरांना ते बघवेना आणि खुर्च्या बाहेर आल्या. तुला वाटेल नर्सांनी त्यांना डोक्यावर घेतलं असेल. तसं काही झालं नाही. पुष्कळ जणींना डॉक्टरांशेजारी खुर्चीवर अवघडल्यासारखं व्हायचं, आणि सतरंजीवर मागे बसून स्वेटर विणता यायचं ते बंद झालं. एक जुनी नर्स माझ्यापाशी कुरकुरली की मॅडमने हमारी बैठक ही छीन ली.

तपासणीला सगळे अधिकारी जीपने जात. जीप निघाली की गावात निरोप आधी पोचायचा. मॅडम देवास गेटच्या स्टँडवरून साध्या बसने जायच्या. नर्स ज्या बसने जाते तीच माझी बस, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या कुठेही न सांगता उगवायच्या, आणि कुलूप दिसलं की दारातच बसून राहायच्या, कुलूपवाली येईपर्यंत. ती आली की आधी तिला पाणी प्यायला लावायच्या, मग विचारायच्या, "आप कहाँ थीं?" डॉक्टर त्यांना हसायचे. नर्स त्यांना घाबरायच्या. ज्यांच्यासाठी त्या सगळ्यांशी भांडल्या, त्यांच्यापैकी कुणी त्यांना जीव लावल्याचं मला आठवत नाही.

आता अटॅचमेंटबद्दल सांगायला हवं, कारण तुझ्या पुस्तकात हा शब्द नसेल. समजा एखाद्या नर्सची नेमणूक चंबळेपलीकडच्या गावात आहे. तिला तिथे राहायचं नाही. तिचे काका किंवा सासरे कुणाला तरी फोन करतात, आणि आदेश निघतो की ही नर्स काही काळापुरती उज्जैनच्या ऑफिसला अटॅच. कागदावर ती त्या गावातच असते. पगार त्या गावाच्या नावाने निघतो. गावाची जागा भरलेली दिसते, म्हणून तिथे दुसरी नर्स पाठवता येत नाही. आणि ती इथे फ्रीगंजच्या बाजारात भाजी घेत असते. 'काही काळापुरती' म्हणून आलेल्या काही जणी इथूनच निवृत्त झाल्या. त्यांच्या गावच्या बायकांनी त्यांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

मॅडमनी पूर्ण ताकद लावून दोन गोष्टी मंजूर करून घेतल्या. एक, सगळ्या अटॅचमेंट एका आदेशाने रद्द. दोन, नंबराचा नियम: ज्या नर्सने दूरच्या गावात जास्त वर्षं काढली तिचा नंबर शहरासाठी आधी. नंबर लागल्यावर जिने नकार दिला तिचं नाव सगळ्यात शेवटी. कुणासाठीही अपवाद नाही. आदेश निघाला त्या दिवशी मॅडम एरवीपेक्षा वेगाने चालत होत्या. मला म्हणाल्या, "बघा, आता कुणाला फोन करायची गरजच राहणार नाही."

सगळ्या गेल्या. खरंच गेल्या. काही आठवडे गावोगावची कुलपं उघडली. मग फोन सुरू झाले. एकीला पाठदुखी निघाली, एकीच्या नवऱ्याला. एकीला मंत्र्यांच्या कार्यालयातच कामाला मागवून घेतलं. मला आदेश टाइप करावे लागायचे आणि मॅडम प्रत्येकावर असहमती लिहायच्या, पण वरून सही आलेली असायची. होता होता सगळ्या परत आल्या. मीटिंगमध्ये एक डॉक्टर मोठ्याने म्हणाला, "मैडम, आपकी बराबरी तो रिटर्न टिकट लेकर गई थी." हॉल हसला. नर्सही हसल्या.

सगळ्या म्हणजे एक सोडून. ती रेशमबाई.

रेशमबाईचा नवरा उज्जैनजवळ भैरवगढला कापड छापायचा. तो गेल्यावर सासरच्यांनी हिला घराबाहेर काढलं. मुलगी एकच, लाली. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आधीच्या अधिकाऱ्याला दया आली आणि त्याने रेशमबाईला उज्जैनला अटॅच केलं, कारण बहिऱ्या मुलांची शाळा इथेच होती. लाली त्या शाळेत हाताने बोलायला शिकत होती. म्हणजे अटॅच असलेल्या सगळ्या बायकांमध्ये जिच्याकडे खरं कारण होतं अशी ही एकच, आणि जिच्यामागे कुणी नाही अशीही ही एकच. आदेश सगळ्यांना सारखा लागू झाला. परत यायचा रस्ता हिच्याकडे नव्हता.

ती मॅडमना भेटायला आली तेव्हा मी तिथेच होते. मॅडमनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. मॅडमही मग उभ्या राहिल्या. दोघी टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या.

मॅडम म्हणाल्या, "रेशमबाई जी, कारण तो सबके पास है. एक को छोड़ूँ तो सबको छोड़ना पड़ेगा."

"मेरे पास कारण नहीं है मैडम," ती म्हणाली, "छोरी है."

एवढं बोलून रेशमबाई निघून गेली. मी म्हटलं, अहो, हिच्यापुरतं तरी राहू द्या, हिच्या बाबतीत कुणी बोट दाखवणार नाही. त्या म्हणाल्या, "उद्या दुसरीही मुलगी घेऊन येईल. खरी नाही तर उसनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रेशमबाईला पुन्हा बोलावलं आणि सांगितलं की नियम तसाच राहील, पण लालीची शाळा सुटणार नाही. लाली माझ्याकडे राहील. मी एकटी आहे, वर दोन खोल्या आहेत, शाळा जवळ आहे. तुम्ही दर शनिवारी येत जा.

मला आजही कळत नाही की हे औदार्य होतं की हट्ट. तेव्हा ऑफिसात सगळे म्हणाले, बाई ग्रेट आहे. रेशमबाईने एवढंच विचारलं, "रात को ये डर के उठती है. आपको सुनाई देगा?" मॅडम म्हणाल्या, मी तिच्याच खोलीत झोपेन. आणि त्या झोपल्या. शब्द त्यांनी कधी मोडला नाही, हे मी त्यांच्या शत्रूलाही सांगेन.

एवढंच नाही, त्या लालीच्या शाळेत जाऊन खुणांची भाषा शिकल्या. अर्धी सुट्टी टाकून मुलांच्या वर्गात मागे उभ्या राहायच्या. चुकल्या की मुलं हसायची आणि त्याही हसायच्या. ऑफिसात त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. पुढे पुढे घरी गेलं की दोघी खिडकीपाशी समोरासमोर बसून हात हलवत असायच्या, भराभर, मला काही समजायचं नाही. रेशमबाई आणि लाली यांच्या घरगुती खुणा होत्या: भूक, पाणी, झोप, ये, जा, मार मिळेल. त्यांच्यावर लहानपण निभतं. लाली त्यांच्या पुढे गेली, आणि तिच्याबरोबर मॅडम गेल्या. रेशमबाई तिथेच राहिली, कारण तिच्या गावात शाळेतल्या खुणा शिकवणारं कुणी नव्हतं.

सुरुवातीला ती शनिवारी यायची. चंबळेपलीकडून बस बदलत बदलत संध्याकाळी पोचायची आणि रविवारी परत. आणि मग ते झालं. एका शनिवारी ती इथे असताना तिच्या गावात एक बाई अडली. उपकेंद्राला कुलूप. ट्रॅक्टरमध्ये घालून तिला पुढे नेलं. बाई वाचली, मूल गेलं.

रेशमबाई पुढच्या शनिवारी आली तेव्हा तिला हे सगळं माहीत होतंच. गावाने तिला काय काय ऐकवलं असेल ते मी विचारलं नाही. मी त्या संध्याकाळी मॅडमकडे एका कागदावर सही घ्यायला गेले होते. मॅडमनी तिला जेवायला वाढलं. स्वतः पोळ्या केल्या, लालीने ताट मांडलं. जेवण झालं, हात धुवून झाले, आणि मॅडमनी कपाटातून पाकीट काढून तिच्या हातात दिलं. कारणे दाखवा नोटीस. मुख्यालय, म्हणजे नेमणुकीचं गाव, सोडून अनुपस्थित का राहिलात, खुलासा द्या. त्यांच्याच घरी, त्यांनीच बोलावलेल्या दिवशी, त्यांनीच सांभाळलेल्या मुलीला भेटायला आली म्हणून.

मी म्हटलं, "अहो मॅडम."

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या बाळंतिणीला पण नर्स पाहिजे होती."

हे चूक होतं असं मला म्हणता येत नाही. बरोबर होतं असंही म्हणवत नाही. रेशमबाईने पाकीट न उघडता पिशवीत ठेवलं, लालीच्या केसांवरून हात फिरवला आणि गेली. त्यानंतर तिचे शनिवार बंद झाले. ती सणाला यायची, तेही बदली नर्स मिळाली तर. सुट्टीत लालीला तिकडे पाठवून पाहिलं. पण त्या गावात तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. चार दिवसांत ती कंटाळायची, जेवायची नाही, आणि रेशमबाई स्वतःच तिला बसमध्ये बसवून परत आणायची.

मधल्या काळात मॅडमचं नाव झालं. दिल्लीला बोलावणी यायला लागली. त्यांचे इंग्रजी निबंध मी तपासून द्यायचे. त्यांचं इंग्रजी बोजड होतं आणि माझं कॉन्व्हेंटचं. एकदा काही परदेशी पाहुणे आले. त्यांना असं एक उपकेंद्र बघायचं होतं जिथे या नियमामुळे नर्स टिकून आहे. मॅडम त्यांना रेशमबाईच्या गावी घेऊन गेल्या, कारण दुसरीकडे कुठे न्यायला नर्सच नव्हती. मी दुभाषी म्हणून बरोबर. केंद्र स्वच्छ होतं, लसींचा डबा नीट ठेवलेला, भिंतीवर चुना. एका पाहुण्या बाईने विचारलं की इतकी वर्षं इथे राहण्याची प्रेरणा तुम्हाला कुठून मिळते. मी हिंदीत विचारलं. रेशमबाई म्हणाली, "जाने का रास्ता होता तो कब की चली जाती."

मी मॅडमकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "जसंच्या तसं सांगा." मी सांगितलं. पाहुण्यांना तो विनोद वाटला. ते हसले आणि रेशमबाईबरोबर फोटो काढून घेतले.

तू म्हणशील की नंबराचा नियम होता ना, मग रेशमबाईचा नंबर कधी लागला. हीच तर गंमत आहे, जर गंमत म्हणायची असेल तर. नियमात लिहिलं होतं की दूरच्या गावातली वर्षं नेमणुकीपासून मोजायची. मॅडमनी हे लिहिलं तेव्हा अटॅचमेंट रद्द झाल्या होत्या. जिची नेमणूक जिथे ती तिथेच, असं त्यांनी धरलं. पण बाकीच्या सगळ्या परत आल्या, आणि कागदावर मात्र त्या गावातच होत्या. त्यांची गावातली वर्षं इथे फ्रीगंजच्या पंख्याखाली वाढत राहिली. ज्यांनी उपकेंद्राचं कुलूपही पाहिलं नव्हतं त्यांचे नंबर रेशमबाईच्या आधी लागले आणि त्यांना हक्काने शहर मिळालं. शहरात त्या होत्याच, आता कायद्याने झाल्या. रेशमबाईची मधली दोन-तीन वर्षं अटॅचमेंटमध्ये गेली होती आणि ती मात्र मॅडमनी काटेकोरपणे वजा केली होती, कारण ती तिने स्वतःच खरी सांगितली होती; बाकीच्यांच्या कागदावर गावच होतं.

चूक लक्षात आल्यावर मॅडम भोपाळच्या चकरा मारायला लागल्या. नियम बदला म्हणून अर्ज, आठवणपत्रं, पुन्हा अर्ज. तिथला अधिकारी हसतमुख होता. दर वेळी चहा पाजायचा आणि म्हणायचा, "मैडम, नियम तो आप ही का है. हम तो पालन कर रहे हैं." एकदा तिथून परत आल्यावर त्या माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. काही तरी बोलायचं होतं बहुतेक. मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या, आणि डबा खाऊन गेल्या.

होता होता रेशमबाईचा नंबर लागला. मॅडमच्या निवृत्तीला तेव्हा थोडेच महिने उरले होते. जागा उज्जैनच्याच एका दवाखान्यात होती. आदेश घ्यायला ती स्वतः आली. केस बरेच पांढरे झाले होते, पण त्या दिवशी ती खूप बोलत होती. भैरवगढच्या वाटेवर खोली घेऊन ठेवली आहे, म्हणाली. दोन खाटा घेतल्या. खिडकीत उजेड छान येतो, लालीला चित्र काढायला बरं. लाली तोवर शाळा संपवून भैरवगढला कापडावर मेणाची छपाई शिकायला जात होती. हात चांगला होता तिचा. हे सगळं मॅडमनीच जुळवून दिलं होतं. रेशमबाई मला म्हणाली, तुम्हीपण चला माझ्याबरोबर मॅडमकडे. मी पर्स उचलली आणि निघाले.

मॅडमना आदेशाचं माहीत होतं, सही त्यांचीच होती. पोहे करून ठेवले होते, वर शेव. लाली नुकतीच कामावरून आली होती. हातांना मेणाचा वास. तिने आईला वाकून नमस्कार केला आणि समोर बसली, मॅडमच्या बाजूला. मला वाटतं ती तिथे नेहमीच बसत असेल. पण त्या दिवशी ते दिसलं.

रेशमबाई बोलायची, मॅडम हातांनी सांगायच्या. लालीचे हात हलायचे, मॅडम तोंडाने सांगायच्या. मॅडमची पद्धत अशी की 'ती म्हणते' वगैरे नाही, लालीचं वाक्य थेट 'मी' म्हणून. शाळेत तसंच शिकवलं होतं. तब्येत, गाव, काम, ठीक चाललं. मग रेशमबाई म्हणाली, "इससे पूछिए, घर चलेगी ना? कमरा ले लिया है मैंने."

मॅडमनी विचारलं. लालीने उत्तर द्यायला बराच वेळ घेतला. हात हळूहळू हलत होते. मॅडमनी ते शेवटपर्यंत बघितलं, आणि मग नोटीस वाचावी तशा सपाट आवाजात म्हणाल्या, "मैं यहीं रहूँगी. आपसे मिलने आती रहूँगी. मेरा सब कुछ यहाँ है, मैं इनको छोड़कर नहीं जाऊँगी."

शेवटचे शब्द म्हणताना 'इनको' म्हणजे त्या स्वतःच होत्या. एका शब्दानेही त्यांनी ते सौम्य केलं नाही.

रेशमबाईने त्यांच्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. "ये उसने कहा," तिने विचारलं, "कि आपने?"

मॅडमचा शब्द साऱ्या खात्यात कुणी खोटा म्हटला नव्हता. संचालकांनीसुद्धा नाही. आणि आता त्या खोलीत तो खरा आहे हे सांगू शकेल असं कुणी नव्हतं. मला खुणा येत नव्हत्या. लालीला आम्ही काय बोलतोय ते ऐकू येत नव्हतं. ती एकदा हिच्या ओठांकडे, एकदा तिच्या ओठांकडे बघत होती. मॅडम उठल्या. "आप दोनों बात कर लीजिए," म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात गेल्या.

रेशमबाईने खुर्ची ओढून लालीचे दोन्ही हात हातात घेतले आणि बोलत राहिली. खिडकीबद्दल, खाटांबद्दल, नोटिशीबद्दलसुद्धा, शनिवारी का येता आलं नाही त्याबद्दल. हात धरल्यावर लालीला बोलता येत नाही हे तिच्या लक्षातच आलं नाही. लाली तिच्या ओठांकडे लक्ष देऊन बघत होती. एखादा शब्द कळला की मान हलवायची. आईचं बोलणं संपल्यावर तिने अलगद हात सोडवून घेतले, आईच्या हातावर दोनदा थोपटलं, पोह्यांची बशी तिच्यापुढे सरकवली आणि आत जाऊन पाण्याचा ग्लास आणून दिला. मग बाजूला उभी राहिली, काही लागेल का ते बघत. खूप लांबून आलेल्या पाहुण्यांशी आपण वागतो तशी.

रेशमबाईने पोहे खाल्ले. सगळे. बशी स्वतः उचलून बाजूला ठेवली आणि पिशवीतून आदेशाचा कागद काढून माझ्याकडे दिला. म्हणाली, हा परत घ्या, गावातच राहते, तिथे निदान बाया मला ओळखतात. मी म्हटलं, रेशमबाई, घाई करू नका, नकार दिला तर नाव शेवटी जातं. तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे. चपला घातल्या आणि दारातून मला म्हणाली, "मैडम से कह देना, उसी ने कहा था."

मी स्वयंपाकघरात गेले. मॅडम ओट्यापाशी उभ्या होत्या, गॅस पेटवलेला नव्हता. मी रेशमबाईचा निरोप सांगितला आणि कागद ओट्यावर ठेवला. त्यांनी तो वाचला, जणू आपलीच सही पहिल्यांदा बघत होत्या. रेशमबाईच्या खालचा नंबर कुणाचा होता ते आम्हा दोघींना माहीत होतं. ती बाई इतकी वर्षं अटॅचमेंटवर आमच्याच मजल्यावर बसत होती.

"नकार दिला की नाव शेवटी जातं," त्या म्हणाल्या.

"हो. पण तुम्ही लिहिलंत तर राहील वर. आता कोण विचारणार आहे तुम्हाला?"

त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"शेवटीच घाला," म्हणाल्या. मग हात पुसले आणि लालीला जेवायला बोलवायला बाहेर गेल्या.